दिवेलागणीचा ओरडा

या, अशा जवळ सरका. दारात उभ्या-उभ्या कसली बोलणी? आणि ते कानातलं आधी काढा बघू. मी इकडे बोलतेय आणि तुमची मान भलत्याच तालावर हलतेय. म्हातारं माणूस बोलतं तेव्हा निदान एक कान तरी रिकामा ठेवावा.

आमच्या समोरच्या बिऱ्हाडातलाही असाच. जिन्यात भेटला की मान हलतच असायची. ‘काय ऐकतोस रे एवढं?’ म्हटलं की कानातलं एक काढून माझ्या कानाला लावायचा. आत काय, शीळफाट्याकडे पूर्वी खडी फोडायची यंत्रं चालायची ना, तसलं काहीतरी, आणि त्यात एक माणूस खवळून ओरडतोय. मी दचकून मागे सरायचे. आणि हा देवळातून आल्यासारखा चेहरा करून म्हणायचा, ‘शांत वाटतं, काकी.’

नाव सांगत नाही त्याचं. त्याला आवडायचं नाही. पन्नाशीला टेकलेला माणूस. डोक्यावरचे निम्मे केस गेलेले, उरलेले मागे रबराने बांधलेले. अंगात काळा टीशर्ट, त्यावर कवटी. काम लिफ्ट दुरुस्तीचं, ठाण्याच्या त्या उंच उंच इमारतींमधून. लग्न केलेलं नाही. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत भाड्याने आला तेव्हा बरोबर म्हातारी आई, थोडं सामान आणि टीपॉयएवढे दोन स्पीकर. ते स्पीकर जिन्यातून वर चढताना बघूनच आमच्या बायका म्हणाल्या, झालं, आता बसा बोंबलत.

पण कितीतरी दिवस त्यातून चकार शब्द आला नाही. आला तो रविवारी, तोही बेताचा, त्याचे मित्र जमायचे तेव्हा. कोणी विठ्ठलवाडीहून, कोणी कल्याणहून. सगळे ह्याच्याच वयाचे, पोटं सुटलेले, गुडघे धरून उठणारे, टीशर्ट मात्र सगळ्यांचे काळे. मला वाटलं, आता बाटल्या उघडणार. तर ह्यांना हवे होते कांदेपोहे. ते द्यायला गेले आणि वाद ऐकत तिथेच टेकले. एकाला नुसता वेग लागायचा. दुसरा म्हणायचा, ‘वेगाचं काय घेऊन बसलास, संथ पाहिजे, जड पाहिजे, छातीवर कोणी येऊन बसल्यासारखं.’ तिसऱ्याचं म्हणणं, त्यांच्या आवडत्या बँडचा जुना गायक गेला तिथेच तो बँड संपला.

‘तू गप रे, तुला घंटा काय कळतं!’

‘अरे, काकी बसल्यात.’

‘सॉरी काकी. पण ह्याला खरंच नाही कळत.’

मग एखादं गाणं लागलं की भांडण थांबायचं. कल्याणचा तो जाडा म्हणाला, ‘हे लागलं ना, की मी परत खोपटच्या डेपोत उभा असतो बघ. वडील गेलेले, गावाला चाललेलो, एसटी लागायची होती आणि वॉकमनमध्ये हेच होतं. आजपण डिझेलचा वास येतो.’ दुसऱ्याला बारावीत नापास झाल्याची दुपार आठवायची. कोणीतरी ह्याला विचारलं, ‘आणि तुला रे?’

‘मला? आईचा ओरडा.’

सगळे हसले. पलंगावर आई बसलेली होती. सगळे हसतात म्हणून तीही हसली.

तिला विस्मरणाचा आजार होता. मी पहिल्यांदा घरात गेले तेव्हा मला म्हणाली, ‘बसा ना. तुम्ही ह्यांच्या कोण?’ ह्यांच्या म्हणजे मुलाच्या. पोटच्या मुलाला ती घरमालक समजायची. दिवसा एक मावशी सांभाळायला असायच्या, तोवर ठीक चालायचं. दिवेलागण झाली, मावशी गेल्या, हा कामावरून आला, की सुरू. ‘अहो, तुमचे फार उपकार झाले. पण आता आम्हाला घरी सोडा. मुलगा शाळेतून येईल, दाराला कुलूप बघून रडेल.’ दार धरून उभी राहायची. जेवायची नाही. परक्याच्या घरी रोज रोज कसं जेवायचं, असा संकोच! तो ताट घेऊन समोर बसलेला. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात वाकून आलेला माणूस, हाताला ग्रीस तसंच. ‘आई, मीच आहे गं,’ म्हणायचा. पुढे पुढे तेही म्हणेनासा झाला. मला समोरच्या दारातून बघूनच दमायला व्हायचं, त्याचं काय होत असेल?

आम्ही बायकांनी सुचवलं, भजनं लाव. जुनी भावगीतं लाव. लावली त्याने, बिचाऱ्याने, स्वतःला एक अक्षर आवडत नसताना. आई मांडी घालून पाहुण्यासारखी ऐकायची. ‘छान असतं हो तुमच्याकडे,’ म्हणायची. आणि लगेच, ‘सोडता ना आता घरी?’

एक दिवस मी देवाजवळ दिवा लावत होते आणि समोरून असा आवाज आला की समईची ज्योत थरथरली. बाहेर येते तर सगळा मजला जिन्यात. वरच्या मजल्यावरचे सेक्रेटरी बनियनवरच खाली आलेले. ‘अहो, हे गाणं आहे की बोअरवेल खणतायत? तिन्हीसांजेला!’ तेवढ्यात शेजारची हळूच म्हणाली, ‘म्हातारीचं रडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून लावलंय. मारत असेल.’

बातम्यांत बघतो ना आपण असलं. सेक्रेटरींनी दार ढकललं, कडी नव्हतीच.

आत म्हातारी खोलीच्या मध्यभागी ताठ उभी. हातात लाटणं. ते लाटणं वर करून छताकडे हवेत ठोकत होती आणि त्या सगळ्या गदारोळावर तिचा आवाज चढत होता, ‘अरे ए, डोकं आहे का पत्र्याचा डबा? बंद कर ते! बाप रात्रपाळीला जायचाय, जरा पडलाय, कळत नाही? खाली ये आधी!’ आणि मध्ये त्याचं घरातलं नाव. तिने ठेवलेलं, लहानपणचं.

आणि हा, पन्नास वर्षांचा बाप्या, केस बांधलेला, मान खाली घालून समोर उभा. ‘हो आई. बंद करतो आई.’

‘आणि हातपाय धू. शी, काय ते हात! जेवायला बस.’

त्याने बंद केलं. हात धुतले. दोघं जेवायला बसली. तिने त्याच्या ताटात भात वाढला आणि स्वतःही जेवली, रागारागाने, भराभर. दारात आम्ही एवढी माणसं उभी होतो, तिला पत्ता नव्हता. तो आमच्याकडे न बघता एवढंच म्हणाला, ‘काकी, ओळखलं मला.’

मागाहून सांगितलं त्याने. पूर्वी कल्याणला चाळीत एक खोली, वर पोटमाळा. बाप कारखान्यात. हा शाळेतून आला की माळ्यावर चढून टेप लावायचा आणि आई खालून लाटण्याने फळ्या ठोकायची. ‘त्या दिवशी मी काही विचार करून नाही लावलं, काकी. वैतागलेलो. म्हटलं, कोणी काही बोलो, मला आता माझं ऐकायचंय.’

सेक्रेटरी म्हणाले, ‘ठीक आहे. जेवणापुरतं. मग लगेच बंद.’

‘साहेब, बंद तर तीच करायला लावते.’

तेव्हापासून आमच्याकडे शुभंकरोति आणि ते, दोन्ही एकाच वेळी चालायचं. देवाने काय ते समजून घेतलं असेल. सगळी गाणी चालायची नाहीत हं. त्याला हल्ली आवडणारं काही लावलं की आई ढिम्म. दहावीच्या वर्षी माळ्यावर वाजायचं तेच लागायचं. त्याच्या सुरुवातीला नुसती गिटार आहे, एकटी, हळू. तेवढा वेळ तो आईच्या तोंडाकडे बघत राहायचा. मग ड्रम कोसळायचे, आई ओरडायची आणि ह्याचे खांदे सैल पडायचे.

पुढे ओरडा बारीक होत गेला. आधी बापाची रात्रपाळी गळाली. मग त्याचं नाव गळालं. लाटणं नुसतं हातात धरून बसायची. तरी ‘बंद कर’ एवढं यायचं, आणि तेवढ्यावर दोघं जेवायची.

एकदा मी भाकऱ्या द्यायला गेलेले, तेव्हा ते लागलं. गिटार झाली. ड्रम आले. आई ऐकत होती, अगदी शेवटपर्यंत, मान जराशी कलती करून. संपलं तसं त्याच्याकडे बघून हसली. ‘छान आहे हो. राहू द्या, बंद नका करू.’

सगळं आयुष्य त्या माणसाने वाट पाहिली असेल, आईने एकदा तरी ह्याला छान म्हणावं म्हणून. तो स्पीकरशी तसाच उभा राहिला. मला वाटलं आता रडणार, आणि मी तर भाकरीचं फडकं धरून मेल्यासारखी उभी. पण त्याने हळूच एक खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, ‘तुम्हाला आवडलं? बरं वाटलं. आता आलाच आहात तर आमच्याकडे दोन घास खाऊन जा.’

‘नको हो, कशाला त्रास?’

‘त्रास कसला? काकींनी भाकरी आणलीय गरम.’

ती जेवली. तो वाढत राहिला, पाहुणीला वाढावं तसा, आग्रह करून. त्यानंतर पुन्हा त्याने ते गाणं लावलं नाही. रोज तिला पाहुणी करून जेवू घालत राहिला, आणि ती रोज त्याचे आभार मानत राहिली. काही महिन्यांनी ती गेली.

त्याने जागा सोडली. आता ठाण्याला राहतो, खोपटकडे, कामाच्या जवळ. फोन करते मी. आवाज थकलेला असतो. परवा विचारलं, ‘ऐकतोस की नाही रे तुझं ते?’ म्हणाला, ‘लावतो कधीतरी. पण लावलं की वाजतच राहतं, काकी. कोणी बंद कर म्हणत नाही.’ त्यावर काय बोलायचं ते फोन ठेवल्यावर सुचलं, नेहमीसारखं.

तर तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला जाता-येता ना? फोनवर मला असलं बोलायला जमत नाही; दिसला कुठे कवटीवाला, तर माझा निरोप द्या. म्हणावं, काकीला तुझं ते संगीत अजून कळत नाही, आणि आवडत तर त्याहून नाही, हे देवाशपथ. गुडघे गेले, पण घसा शाबूत आहे. जेवायच्या वेळेलाच ये. येताना ते गाणं घेऊन ये, हवं तेवढं मोठ्याने लाव, आणि उशीर करू नकोस. ह्या रविवारीच ये.