ओळीचा आकडा सांग

मी हे लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला, आणि परीक्षेच्या उत्तरांपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. चुकलं तर माफ करा. पण या माणसाबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

साकोलीत हायवेलगत, एका झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. शाळांचे निकाल छापायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. कॉलेज सुटलं की मी तिथे कामाला जायचो. कोपऱ्यातल्या टेबलावर आमचे सगळ्यात जुने प्रोग्रामर बसायचे; सगळे त्यांना काकाजी म्हणायचे. कुणाचं काही अडलं की मान वर न करता म्हणायचे, "ओळीचा आकडा सांग, बाकी मी पाहून घेतो."

कोड लिहायला ते अजूनही एडिटर नावाचा काळ्या स्क्रीनचा जुना प्रोग्राम वापरायचे. माऊसला हात लावत नसत. त्याच्या जागेवर डबा ठेवायचे. मी एकदा म्हटलं, "काकाजी, हा एडिटर तर माझ्याहून म्हातारा आहे."

"मंग पाया पड त्याच्या," ते म्हणाले.

हजारो ओळींच्या फाइलमधली कोणती ओळ कितव्या आकड्याला, हे त्यांना पाठ होतं. त्यामुळे ऑफिसात एक रीत पडली होती. त्यांच्या फाइलमध्ये कुणी भर घातली, की जागेवरून ओरडून सांगायचं, "निकालपत्रात तीनशेव्या ओळीपाशी दोन वाढल्या!" काकाजी ओठ हलवत मनात पुढचे आकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "हो, वाढल्या." तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही आमच्यासारखंच हसू आलं असतं.

एका दुपारी जेवताना त्यांचा हात स्वतःच्या डब्याऐवजी माझ्या डब्यात गेला. मी त्यांचा डबा त्यांच्या हाताशी सरकवला. तेच हळू आवाजात म्हणाले, "काचबिंदू हाय. बाजूचं तर गेलंच, समोरचंही धुरकट दिसून राहिलं. पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाले हाय. ते नोकरीले लागेपर्यंत मले हे टेबल पाहिजे. सायबाले सांगू नको."

मी कुणाला सांगितलं नाही. पण काहीतरी करावं असं फार वाटत होतं. नवा एडिटर वापरा म्हणून मी त्यांच्या मागे लागलो. त्यात अक्षरं हवी तेवढी मोठी होतात, रंग बदलता येतात.

"काहून? माझी बोटं जुन्यातच चालतात."

आठ दिवस मी तेच तेच बोलत राहिलो. शेवटी म्हणाले, "लाव बाप्पा. नाही तर तू मले सुखानं जेवू नाही देणार."

मी काळ्यावर पिवळी, बोटभर उंचीची अक्षरं करून दिली. नेहमी स्क्रीनला नाक लावून बसणारे काकाजी खुर्चीत मागे टेकले. बराच वेळ पाहत राहिले. "अरे पोट्ट्या, हे तर मीच लिहिलं होतं ना! किती दिवसांनी पायलं."

त्या आनंदात मी आणखी एक सोय चालू केली. फाइल सेव्ह केली की कोडची मांडणी आपोआप नीटनेटकी व्हायची. लांब ओळ तुटून तिच्या तीन-चार ओळी व्हायच्या. कोड सुंदर दिसू लागला. त्याने त्यांचे सगळे आकडे सरकतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि एडिटर काही ओरडून सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता. एका शाळेला निकाल घाईने हवा होता, त्यासाठी कोडमधला एक जुना नियम काढायचा होता. एरवी काकाजी निकालाची एक प्रत छापून मला वाचायला द्यायचे. त्या दिवशी मी नव्हतो. त्यांनी सवयीने, न वाचताच, चारशे बारावी ओळ गाठली आणि उडवली. ती भलतीच निघाली. मुख्याध्यापकांचा फोन आला, "अहो, आमची अख्खी नववी नापास केली तुम्ही! पहिला आलेला पोरगाही नापास!"

पेपर देऊन मी पोचलो तेव्हा साहेब तो निकाल काकाजींसमोर धरून उभे होते. "वाचा. काय लिहिलं आहे?"

काकाजींनी कागद जवळ नेला, लांब नेला. वाचता आला नाही. साहेबांना सगळं समजलं.

ती सोय मी चालू केली होती, एवढंच मला सांगायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते. माझी पहिली नोकरी होती. मी गप्प राहिलो. काकाजींनी डबा पिशवीत टाकला आणि भिंतीला हात लावत जिना उतरले.

पुढे मी नागपूरला लागलो. गावी जाताना बस साकोलीला थांबते. दर वेळी वाटायचं, उतरावं, त्यांच्या घरी जावं, सांगावं. दोन वर्षं नुसतं वाटत राहिलं. गेल्या महिन्यात धीर केला. त्यांना वाचता येणार नाही म्हणून त्यांच्या फोनवर माझ्या आवाजात निरोप पाठवला, "काकाजी, ती चूक माझी होती."

दोन दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला.

"दादा, बाबाले जाऊन पंधरा दिवस झाले. तुमचा निरोप मी ऐकला. पण बाबाले माहीत होतं ना. नोकरी गेली त्याच दिवशी घरी येऊन म्हणाले, नव्या एडिटरनं ओळी सरकवल्या, पोराच्या ध्यानात नसंन आलं. मी म्हटलं, मंग सायबाले काहून नाही सांगितलं? तर म्हणे, त्याले काढलं असतं."

मी विचारलं, "तुमचं नर्सिंग?"

"ते तवाच सुटलं, दादा. आता कापडाच्या दुकानात असते मी. ठेवते हं, गिऱ्हाईक आलं."