पट्ट्यावरचा काळा कपडा

पाय थंड. दूध पाजाले उचललं तं पोरीचे पाय माठातल्या पाण्यासारखे गार, ओठ निळसर, तोंडच उघडे ना. मी ओरडली, "आत्या, पोरगी बोलून नाई राह्यली!" अकरा दिवसाचं लेकरू काय बोलन? पण तेच निघालं तोंडातून.

सासू चुलीपासून धावत आली. मी पोरीच्या पायातल्या पट्ट्यावरचा कपडा ओढला. खाली लाल लाइट लुकलुक करून राह्यला होता. कवापासून, कोणाले माहीत.

तो पट्टा दवाखान्यातून भेटला होता. पोरगी दिवसांच्या आधी झाली, मुठीएवढी. कॉलेजातल्या एका ताईनं तो बनवलेला, जिथं लेकराले ऊब द्याची मोठी मशीन नाई अशा घरांसाठी. तिनं मले दोनदा समजावलं, "हिरवा असला तर बरं. लाल झाला की बाळ गार पडलंय. छातीशी धरा आणि लगेच निघा." मी सातवीपर्यंत शिकली, मले समजलं. सोपंच होतं.

पण घरी बाया पाहाले येत अन् लेकरू सोडून पट्टाच पाहत. एक म्हणे, "काय वो, पोरीले मोबाइलसारखं चार्जिंगले लावलं का?" सगळ्या हासल्या. त्या गेल्या अन् पोरगी जे रडाले लागली, दूध पिये ना. सासू म्हणे, "नजर लागली. झाक तो लाइट." ब्लाऊजचा काळा तुकडा होता, तो मीच दुहेरी करून शिवला. काईच दिसू नये असा. मधात मधात सरकवून पाहीन म्हटलं. तीन दिवस पाह्यलं. चौथ्या दिवशी पोरगी शांत झोपली होती, मले वाटलं बरी झाली. नाई पाह्यलं.

नवऱ्यानं ऑटो आणला. पोरगी ब्लाऊजच्या आत, छातीशी. सेलू आलं तवा तिचा श्वास मले लागत होता. सेलू गेलं अन् नाई लागला. मी कोणालेच सांगितलं नाई. वर्ध्याच्या दवाखान्यापर्यंत तशीच धरून बसली.

महिन्यानं ती ताई घरी आली. खाली सतरंजीवर बसली. म्हणे, "खरं सांगा, पट्ट्याचं काय चुकलं? अजून बाळांसाठी बनवतोय आम्ही." सासू दारात तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले. कपडा तं मी कवाचाच चुलीत टाकला होता.

मी म्हटलं, "लाल लाइट लागलाच नाई, ताई."

ती रडली. म्हणे, "माफ करा, चूक माझी." पट्टा रुमालात गुंडाळून घेऊन गेली.

आता ती लाइट बदलत असन. अजून मोठा करन, झगझगीत. अन् कोणी बाई अजून जाड कपडा शिवन.

सासू त्या दिवसापासून मले सोताच ताट वाढून देते. ताईचा नंबर भिंतीवर लिहिलेला हाय. खरं सांगितलं तं सासूवर येते, माह्यावर येते. नाई सांगितलं तं कोणाच्या तरी लेकरावर येते. तुम्ही असते तं काय केलं असतं?