मायच्या पोटातला अमिबा

माझी माय अमरावतीला मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आम्हाला वर्षच झालं होतं. तिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसत आणि मायच्या हातची भाकर मागून खात. गावात ज्या हाताचं पाणी कोणी घेतलं नाही, त्याच हाताची भाकर. घरी आली की कोणी किती खाल्लं, हेच ती सांगत बसायची. तोंडावरून हसू जायचं नाही तिच्या.

मग पोरांना आव पडू लागली. स्वयंपाकघरातल्या सगळ्यांची शौचतपासणी झाली आणि मायच्या तपासणीत अमिबा निघाला. तिचं पोट जन्मात कधी दुखलं नव्हतं. पण मायक्रोस्कोपखाली चार केंद्रकांचा गोल कोष दिसला, म्हणजे बोलणंच खुंटलं. तिला सुया टोचल्या. त्यांनी छाती धडधडायची, उठायची मनाई. बरी झाल्यावर रेक्टर म्हणाले, "बाई, आता तुम्ही अंगण झाडत जा." माणूस वाईट नव्हता. मला मात्र त्याचा अजून राग येतो.

"पुन्हा झाडूच धराचा होता, त दीक्षा कायले घेतली?" माय घरी येऊन एवढंच म्हणाली. आम्ही अकोल्याला मामाकडे गेलो.

तिथं ती जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जाऊ लागली. घरी रांधायची मामी. माय भांडी घासायची, सरपण फोडायची, पण पिठाला हात लावला नाही तिनं. पुढं माझ्या लेकरानं तिच्या ताटात हात घातला तरी ताट बाजूला सरकवायची. मी चिडायचे.

"काही नाही आता तुझ्या पोटात. काहून अशी करतेस?"

"तुले काय मालूम," म्हणायची आणि उठून जायची.

मी हट्टानं प्राणिशास्त्र घेतलं. अकोल्याच्या कॉलेजात पहिल्यांदा तो अमिबा काचेखाली पाहिला, तेव्हा मनात शिवीच आली. अरे, एका पेशीचा जीव तू, अन् आमची चूल विझवलीस! पण पुढं मीही विद्यार्थ्यांना तेच शिकवलं. चार केंद्रकं दिसली की हाच तो, आवेचा.

केस पिकू लागले तेव्हा वाचलं की तो एक नाहीच. दोन जाती आहेत, दिसायला हुबेहूब. एक आतडं पोखरतो. दुसरा गरीब, पोटात राहतो आणि काही करत नाही. डोळ्यांना फरक कळत नाही, जनुकांच्या खुणा तपासल्या तरच कळतो. आणि ज्यांचं पोट कधी बिघडलंच नाही, त्यांच्यात बहुतेक हा गरीबच असतो.

त्या दिवशी मी जेवता जेवता मायला सगळं समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मंग माह्या पोटात कोणता होता?"

"बहुतेक गरीबच. पण नक्की नाही सांगता येत, माय. तेव्हाचं आता काय तपासणार?"

 ती उठली, साबणानं हात धुऊन आली, माझ्या ताटातली भाकर मोडून वरणात बुडवली आणि घास माझ्या तोंडासमोर धरला.

"नक्की नाही म्हणतेस. तरी खाशीन?"

मी तोंड उघडलं. घास मी गिळेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं दुसरा मोडला.