रडायचं तर जेवून रड

आमच्या मंडळीनं उभ्या जन्मात कुणाला 'काळजी करू नका' म्हटलं नाही. कुणाच्या घरी मयत झाली, कुणी दवाखान्यात पडलं, की म्हशींच्या धारा उरकून ही डबा घेऊन हजर. समोर भाकरी मांडायची आणि म्हणायची, "रडायचं हाय न्हवं? मग जेवून रड. रडायला बी ताकद लागती." लोकांना राग यायचा. पण जेवायचे.

मी चौथीतनं शाळा सोडली. सजवून लिहिता येत नाही, झालं तसं सांगतो.

शेजारचा शिवा माझा दोस्त. रोज प्यायचा. बायकोच्या, सुनीताच्या धाकानं बाटली आमच्या गोठ्यात, वैरणीत लपवायचा. मला माहीत होतं. दोस्त म्हणून गप्प बसलो.

एका सकाळी त्याला रक्ताची उलटी झाली. सुनीताला वाटलं, उष्णता झाली. आमच्याकडनं गार दूध नेऊन पाजलं, टाळूवर कांदा चिरून बांधला. त्यात दोन तास गेले. इकडं ही वैरण काढायला गेली आणि हाताला बाटली लागली. माझ्यापुढं धरली, तेव्हा मी शिवाचं रोजचं पिणं सांगितलं. तशीच शेजारी पळाली. "सुनीते, ही उष्णता न्हाय. रिक्षा बोलीव."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, दारू घेतात का.

"कधीमधी, सणासुदीला," सुनीता म्हणाली. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

"खोडा ते," ही म्हणाली. "रोज पितोय. सकाळी बी. आमच्या वैरणीत बाटली असती. मला ठावं होतं, मी गप ऱ्हायले."

तिला त्या सकाळपर्यंत काही ठावं नव्हतं. मी तिथंच उभा होतो, पायातल्या चपला बघत.

डॉक्टर म्हणाले, लिव्हर गेलंय, अन्ननलिकेतली शीर फुटलीय.

"आक्का, ठावं असून मला सांगितलं न्हाईसा?" सुनीता एवढंच बोलली आणि तिनं तोंड फिरवलं. पुढं पाच दिवस ही रोज जायची. बाकड्यावर डबा ठेवून हातभर लांब बसायची. डबा भरलेला परत यायचा.

मी म्हटलं, "खरं काय ते सांगून टाकतो तिला."

"आता न्हाय. तिला कुणावर तरी राग काढू दे. माझ्यावर काढतीया, चालतंय. तुमच्यावर काढला तर रक्ताच्या पिशव्या आणायला कुणाला धाडंल ती?"

सहाव्या दिवशी सुनीतानं आपणहून डबा उघडला. त्याच संध्याकाळी शिवा गेला. सुनीता हिच्याच गळ्यात पडून रडली. मी मात्र सांगू सांगू म्हणत राहिलो.

गेल्या महिन्यात आमची मंडळी गेली. म्हशी विकल्या. गोठ्याकडं बघवत नाही.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी सुनीता डबा घेऊन आली. पुढ्यात ताट मांडलं. "दादा, रडायचं हाय तर जेवून रडा."

घास उचलवेना. म्हटलं, "सुनीता, त्या बाटलीचं मला ठावं होतं. तिला न्हवतं."

ती गोठ्याकडं बघत उभी राहिली. मग खाली बसली. भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवली.

"आधी जेवा," म्हणाली. "मग मला तुमच्याशी भांडायचं हाय."