पंचाच्या पत्त्यावर हरकतबाई

हरकतबाई भांडायच्या आधी चष्मा काढायच्या. वाचायला चष्मा लागतो, भांडायला नाही, असं त्यांचं म्हणणं. मुलुंडच्या कोर्टात त्यांनी चष्मा काढून पर्सवर ठेवला की सरकारी वकील खुर्चीत सरळ होऊन बसायचे आणि मागच्या बाकावरचे हवालदार कुजबुज थांबवायचे. मग बाईंचं ठरलेलं वाक्य यायचं, "माझी हरकत आहे." त्यावरूनच हे नाव पडलं. त्यांनाही ते आवडत असावं, कारण फोन उचलून त्या स्वतःच म्हणायच्या, "हां, हरकतबाई बोलतेय."

त्यांची हरकत जगातल्या पुष्कळ गोष्टींना होती. जवळचं भाडं नाकारणाऱ्या रिक्षावाल्याला होती, कँटीनच्या पातळ चहाला होती. पण त्यांचं डोकं खरं फिरायचं ते पोलीस कागदाशिवाय कुणाच्या घरात शिरले की. "घरात चोर शिरला तर माणूस पोलिसांकडे जातो," त्या म्हणायच्या. "पोलीसच तसे शिरले तर त्यानं कुठं जायचं? माझ्याकडे यायचं."

भांडुपच्या आमच्या चाळीत गणपतीला एका वर्षी मंडळाने त्यांना भाषणाला बोलावलं. बाईंनी भाषण केलंच नाही. मंडळाच्या अध्यक्षांना त्यांनी फौजदार केलं, खजिनदारांना हवालदार केलं आणि पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीवर खोटी धाड घालायला लावली. पोलिसांना काय विचारायचं, हे त्या बायकांना शिकवत होत्या. वॉरंट आहे का? नसेल, तर झडती का घेताय ते लिहून आणलंय का? पंच याच वस्तीतले आहेत का? शूटिंग कोण करतंय? आणि सगळ्यात आधी, "तुमची झडती द्या. खिसे रिकामे करून दाखवा, मग आत या. बाहेरून काही आणून घरात ठेवायला नको." खजिनदारांच्या खिशातून तंबाखूची पुडी निघाली. तंबाखू सुटली, असं ते घरी सांगत होते. चाळ दोन दिवस हसत होती.

माझी आई मात्र हसली नव्हती. तिने सगळं पाठ केलं होतं.

मी लग्नाचं शूटिंग करणारा माणूस. लग्न, मुंज, डोहाळजेवण, बोलवाल तिथे जातो. एका संध्याकाळी स्टेशनाबाहेर एका फौजदाराने भाजीवालीची हातगाडी लाथेने उलटी केली आणि ती टोमॅटो गोळा करायला वाकली तेव्हा तिच्या पाठीत काठी घातली. मी समोर उभा होतो. मोबाइल काढला, शूट केलं आणि रात्री इंटरनेटवर टाकलं. सकाळपर्यंत ते हजारोंनी पाहिलं होतं. पाहणाऱ्यांत तो फौजदारही होता.

सकाळी चहाच्या वेळेला ते चौघे आले. आई दारात आडवी उभी राहिली. "कागद आसा काय? दाखवा बघूया. आणि आधी तुमची झडती देवा."

"आजी, आमच्या खिशात काय असणार?" असं म्हणत फौजदार तिला बाजूला सारून आत आला. दोन्ही कॅमेरे, लॅपटॉप, मोबाइल आणि कपाटातली हार्ड डिस्क, सगळं एका गोणीत भरलं. बरोबर एक पंच होता. तो दाराशी उभा राहून नखं चावत होता. सील नाही, पावती नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, "चौकीवर ये, मिळेल."

त्या डिस्कवर पल्लवीचं लग्न होतं. पल्लवी शेजारच्या चाळीतली. तिचे वडील लग्नानंतर महिन्याभरातच हृदयविकाराने गेले. मांडवात ते सनईवाल्यांसमोर नाचले होते, जावयाचा फेटा स्वतः बांधत होते, मुलीला निरोप देताना भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते. एडिटिंग अजून व्हायचं होतं आणि दुसरी प्रत नव्हती. ती सासरहून फोन करायची, "दादा, बाबांचं तेवढं आधी दे ना." मी तिला काय सांगणार?

बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पंचनाम्याची नक्कल मागवली आणि वाचता वाचता लालबुंद झाल्या. त्यात लिहिलं होतं, "पोलीस व पंचांनी आपली अंगझडती देऊ केली असता घरमालकाने ती घेण्यास नकार दिला." माझी आई घसा फाटेपर्यंत झडती मागत होती आणि कागदावर तिने नकार दिला होता! "हे वाक्य मी वकील झाले तेव्हापासून वाचतेय," बाई म्हणाल्या. "अख्ख्या मुंबईत एकाही माणसाने कधी होकार दिलेला नाही. काय सभ्य शहर आहे बघ." पुढे लिहिलं होतं, तांत्रिक अडचणीमुळे झडतीचं चित्रीकरण होऊ शकलं नाही. इथे बाईंनी चष्मा काढला. "शूटिंगवाल्याच्या घरात झडती, गोणीत दोन-दोन कॅमेरे, आणि शूटिंग करता आलं नाही?"

कोर्टात त्यांनी आधी माल परत मागितला. तपास चालू आहे, असं पोलीस म्हणाले. कसला तपास? सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा माझ्यावर नोंदवला होता खरा, पण तो त्याच दिवशी संध्याकाळी. "साहेब," बाई म्हणाल्या, "सकाळी झडती, संध्याकाळी गुन्हा. बारसं आधी आणि बाळंतपण मागाहून!" जप्तीची खबर कोर्टाला द्यायची असते, तीही दिलेली नव्हती. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी माल परत करण्याचा हुकूम दिला.

मुद्देमालाच्या खोलीतून गोणी आली. मी तिथेच टेबलावर डिस्क जोडली. ती कोरी होती. पुसून स्वच्छ केलेली. हवालदार म्हणाला, "रिकामीच होती रे ती." मला त्याला मारावंसं वाटलं. आजही वाटतं.

त्या दिवशी बाई कोर्टाच्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "आपल्याकडे झडती बेकायदा असली तरी तिच्यात सापडलेला पुरावा चालतो. कोर्टं सांगतात, झडतीत चूक झाली म्हणून पुरावा फेकायचा नाही. बरं बाबा, नका फेकू. पण बेकायदा झडतीत जे हरवलं त्याचं काय? ते कुठं चालवायचं?" आणि हायकोर्टात रिट करायचं त्यांनी तिथेच ठरवलं.

बाईंची एक पद्धत होती. कुठल्याही केसमध्ये पंचनाम्यातल्या पंचाच्या घरी त्या रविवारी स्वतः जायच्या. कधी भांडुप, कधी दहिसर, एकदा तर होडीत बसून गोराईला गेल्या होत्या. "पंचाकडे चहा घेतल्याशिवाय मला केस कळत नाही," म्हणायच्या. पंच म्हणजे वस्तीतला प्रतिष्ठित माणूस, असं कायदा सांगतो. पोलिसांना तेवढी पायपीट नको असते. चौकीसमोर रेंगाळणारा एखादा ओळखीचा माणूस धरायचा आणि मागच्या पंचनाम्यातलं त्याचं नावगाव तसंच्या तसं उतरवायचं. आमचा नखं चावणारा त्यातलाच.

त्या रविवारी मीही बरोबर होतो. पत्ता सापडला, चाळ सापडली नाही. तिथे निळे पत्रे ठोकले होते आणि आत टॉवरच्या पायाचा खड्डा होता. वॉचमन म्हणाला, "चाळ पाडून दोन वर्षं झाली, मॅडम." बाई पत्र्याच्या फटीतून खड्ड्यात वाकून म्हणाल्या, "अहो प्रतिष्ठित, आहात का घरी?" मग मला म्हणाल्या, "काढ फोटो. तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं शूटिंग आहे हे." जाताना त्यांनी वॉचमनकडूनच चहा मागवून घेतला.

त्या फोटोने पंचनामा कोसळला. पंच कुठे राहतो हेच ज्यांना माहीत नाही, त्यांनी तो वस्तीतून बोलावला कसा, असं बाईंनी विचारल्यावर पोलिसांचे वकील कागद चाळू लागले. पण केस लांबत राहिली. तारखांमागून तारखा. मधल्या काळात त्याच पोलीस ठाण्याचा दुसरा एक पंचनामा बाईंच्या हातात पडला. पंच तोच, नखंवाला. नकाराचं वाक्य तेच. पत्ता मात्र नवा आणि अगदी बरोबर. बाई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. "बघ, मी त्यांना फुकट शिकवते," म्हणाल्या. तो खोकला मग गेलाच नाही.

निकाल लागला तेव्हा त्या हॉस्पिटलात होत्या. झडती बेकायदा ठरली, माझ्यावरचा गुन्हा रद्द झाला, नुकसानभरपाई आणि फौजदाराची खात्यातर्फे चौकशी, असं सगळं मिळालं. मी पेढे घेऊन धावत गेलो. नाकात नळी होती, तरी त्यांनी निकालपत्र हातात घेतलं, शेवटच्या पानापर्यंत वाचलं.

"डिस्कबद्दल काय म्हटलंय?"

"पुसली, हे दुर्दैवी आहे म्हटलंय."

"दुर्दैवी," त्या म्हणाल्या. "पावसात छत्री विसरली तर दुर्दैवी." त्यांनी पेढ्याचा डबा माझ्याकडे ढकलला. "हे त्या पल्लवीला नेऊन दे. आणि तिला सांग, तुझे बाबा आम्ही हरवले."

"आम्ही कुठं, बाई? पोलिसांनी हरवले."

"पोलिसांनी पुसले रे. पण पुसल्यावर जिथं दाद मागायची ते घर माझं आहे. आयुष्य गेलं माझं त्या घरात. तिथं त्या मुलीला द्यायला एक शब्द मिळाला, दुर्दैवी. मग आम्हीच ना?"

मी वाद घातला नाही. त्यांच्याशी वाद घालून कोण जिंकलंय? त्या आठवड्यातच बाई गेल्या. स्मशानात वकील होते, आमची चाळ होती, ती भाजीवालीही आली होती.

मग मी पेढे घेऊन पल्लवीकडे गेलो. डिस्क पुसल्याचं तिला मी आधीच फोनवर सांगितलं होतं. तिने डबा घेतला, पाणी दिलं आणि समोर बसली. निकाल आपल्या बाजूने लागला, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, दादा." मग तिने हळूच विचारलं, "बाबा कसे नाचले होते रे? तू तर कॅमेऱ्यातून बघत होतास. मी स्टेजवर होते, मला नीट दिसलंच नाही."

मी उठलो आणि तिच्या हॉलमध्ये, पंख्याखाली, जमेल तसं नाचून दाखवलं.