अनिसेतोचं लोढणं

अनिसेतोचा उजवा पाय स्थिर असलेला आमच्या गल्लीत कुणी पाहिलेला नाही. आमच्या मारिकिना शहरात जोडे शिवणारे पुष्कळ, पण हा अजून पायानं चालणाऱ्या मशीनवर शिवतो, आणि आठवडाभर हललेल्या पायाला रविवारी थांब म्हटलं तर तो ऐकत नाही. चर्चमध्ये त्याच्याबरोबर अख्खा बाक हलतो. लग्नाच्या रात्री लुर्देसला वाटलं, भूकंपच झाला. हे तिनं माझ्या बायकोला सांगितलं, बायकोनं मला, आणि मी फक्त तुम्हाला सांगतोय.

असा हा माणूस रविवारी डोंगराकडच्या मैदानात लुटुपुटुची लढाई खेळायला जातो. बंदुका दिसायला अस्सल, आत वाटाण्याएवढ्या प्लास्टिकच्या गोळ्या. गोळी लागली की आपणच हात वर करून ‘लागली’ म्हणायचं आणि बाहेर जाऊन बसायचं. झाडीत कोण कुणाला बघतो? सगळा खेळ त्या एका शब्दावर चालतो.

आमच्या टोळीचा नायक रोमुलो, म्हणजे लुर्देसचा थोरला भाऊ. त्यानं अनिसेतोला राखायला दिलेली जागा थोड्याच वेळात मोकळी सापडायची. स्वारी भलत्याच झाडामागे, आणि शत्रू मागच्या दारानं आत. टोमणे खाऊन खाऊन शेवटी अनिसेतोनं ठरवलं, मशीनगन घ्यायची. दुकानदार बिचारा आखूड नळीची, हलकी पुढे करत होता, पळायला सोपी म्हणून. हा म्हणाला, पळता येऊ नये म्हणूनच घेतोय. आणि दुकानातली सगळ्यात जड उचलली. पुढे दोन पायांची घोडी, पोटाखाली गोळ्यांचा भला थोरला डबा. लुर्देस म्हणाली, “उनाड रेड्याच्या गळ्यात लोढणं बांधतात ना, तसं यानं स्वतःच बांधून घेतलं.”

या बंदुकीनं कुणाला टिपायचं नसतं, समोरच्यांना डोकं वर काढू द्यायचं नसतं. थोडं झाडायचं, थांबायचं, पुन्हा थोडं. अनिसेतोला झाडणं लगेच जमलं. थांबणं जमेना. डबा अर्धा व्हायचा, मग पाय हलेल तसा खळखळ वाजायचा, आणि शत्रू घुंगरांच्या मागे जावं तसा आवाजामागे यायचा.

शेवटी रोमुलोनं सगळ्यांसमोर सांगितलं, “सेतो, आज तू पुलापाशी. शिट्टी व्हायच्या आत उठलास तर बंदूक दुसऱ्याला, आणि तू भाताचे डबे सांभाळायचे.”

अनिसेतोनं गोळ्यांचा डबा गळ्यापर्यंत भरला, म्हणजे वाजायला नको.

माझे गुडघे गेलेले, म्हणून मला पिवळं जाकीट घालून पंच करतात. मी पुलाजवळ दगडावर बसलो, उकडलेल्या शेंगांची पुडी घेऊन. वाळूच्या पोत्यांमागे हा पालथा. मानेवर मुंग्या, कपाळावर घाम. थोडं झाडायचा, मग ओठात एक ‘नमो मारिया’ची प्रार्थना पुटपुटेपर्यंत थांबायचा, मग पुन्हा थोडं. पलीकडून एक डोकं वर येईना. मला मात्र सारखं विचारत होता, “बेर्तिंगकाका, शिट्टीला किती वेळ?”

मी म्हटलं, “पोप निवडायला लागतो तेवढा.”

पाय चालूच होता. मी एक शेंग सोलायला मान खाली घातली, वर बघतो तर हा उभा. हात वर. “लागली,” म्हणाला आणि बाहेर चालू लागला. तो हलताच समोरची टोळी पुलावरून धडधडत आली. शिट्टी झाली ती आम्ही हरल्याचीच.

रोमुलो तरातरा आला. कुठं लागली? गुडघ्याला. कुणी पाहिलं? त्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात शेंग होती, मी काय सांगणार?

“बसवेना म्हणून उठलास,” रोमुलो म्हणाला. “सरळ सांग ना.”

अनिसेतोनं डबा सोडवला, बंदूक पुढे धरली. “घे, दादा. पण लागली होती.”

रोमुलोनं हात पुढे केलाच होता, एवढ्यात पलीकडच्या टोळीतली फेलिसा हेल्मेट काखेत मारून आली. ही आमच्या भागातली दातांची डॉक्टरीण.

“माझीच ती,” ती म्हणाली. “अख्खा माणूस पोत्यांमागे लपलेला, एकटा गुडघा तेवढा बाहेर नाचतोय. दाढ काढतानाही हा माझ्या खुर्चीत तसाच नाचतो. लगेच ओळखला.”

अनिसेतोनं विजार वर केली. गुडघ्यावर लालबुंद टिकली. रोमुलोनं वाकून ती टिकली बघितली. मग त्यानं बंदूक परत अनिसेतोच्या छातीशी ढकलली.

“पुढच्या रविवारी लांब पोती आणतो,” एवढंच म्हणाला.

भाड्याच्या जीपनीतून परतताना अर्धा रिकामा डबा अनिसेतोच्या मांडीवर होता. वाटभर खळखळ, खळखळ. समोर बसलेल्या रोमुलोनं एकदा तोंड उघडलं, आणि मिटलं. उरलेल्या शेंगांची पुडी मी अनिसेतोच्या दुसऱ्या मांडीवर ठेवली. ती गप्प बसली. मग जरा वेळानं तीही हलायला लागली.