नक्को मॅडमचा परसों

आई-वडिलांनंतर माझ्यावर सर्वात जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी एकच नाव घेईन: नक्को मॅडम. खरं नाव कुमुद वझरकर, पण आमच्या बँकेच्या संगणक विभागात ते हजेरीपुरतंच होतं. कोणी काहीही मागायला आलं की मॅडम मान वर न करता म्हणत, "नक्को!" दुसरा शब्द असे, "कैकू?" या 'कशाला'चं उत्तर नीट देता आलं तर तिसरा शब्द मिळे, "हौ, कर." नक्को म्हणजे 'आधी समजावून सांग' एवढंच असतं, हे कळेपर्यंत नवीन माणसाला घाम फुटायचा.

मला तर मुलाखतीतच फुटला होता. देगलूरच्या शाळेत मराठीतून शिकलेला मी, शिंप्याचा मुलगा, घराण्यातला पहिला पदवीधर. टेबलापलीकडे पाच माणसं आणि सगळे प्रश्न इंग्रजीत. मला उत्तरं येत होती, वाक्यं येत नव्हती. इतका वेळ गप्प असलेल्या बाईंनी माझा अर्ज पाहिला आणि मराठीत विचारलं, "देगलूरचा का रे तू? मग असं परीक्षेला बसल्यासारखं काय बोलतोस? मराठीत सांग. यांना मी सांगते." मी बोलायला लागलो ते थांबेचना. शेवटी त्याच म्हणाल्या, "बस्स बाबा, नोकरी घे पण थांब!"

त्यांचं घराणं परभणीकडचं, निजामाच्या काळात हैदराबादेत आलेलं. बोलणं मराठी, पण त्यात हैदराबादची दखनी हिंदी अशी मुरलेली की त्यांना स्वतःलाही वेगळी काढता आली नसती. त्या काचीगुड्याला राहत, मी विद्यानगरला एका खोलीत. सकाळी मी काचीगुडा स्टेशनपर्यंत येई आणि तिथून त्यांच्या स्कूटीवर मागे बसून आबिड्सच्या ऑफिसात. माझं खरं शिक्षण त्या मागच्या सीटवर झालं. लाल सिग्नल लागला की मॅडम हेल्मेटची काच वर करून म्हणत, "सुटायच्या आत सांग. काल काय डिझाइन केलंस?" सिग्नल हिरवा होईपर्यंत सांगून झालं नाही तर निकाल ठरलेला: "लई गुंतागुंत आहे. सोपं करून आण." शेजारचे रिक्षावालेसुद्धा कान देऊन ऐकायचे.

काम होतं मोठं. बँकेची जुनी सिस्टम म्हणजे एकाच छपराखाली कोंबलेले असंख्य प्रोग्रॅम. बचत खातं, कर्ज, एटीएम, व्याज, सगळ्यांचे धागे एकमेकांत अडकलेले. मोबाइलवर एक छोटी सोय द्यायची म्हटली तरी सगळं घर हलायचं. हे सगळं तुकड्यातुकड्याने बाहेर काढून प्रत्येक काम स्वतंत्र उभं करायचं होतं, आणि शाखा एक दिवसही बंद ठेवायच्या नव्हत्या. मॅडम याला 'वेगळं निघणं' म्हणत. एकदा मी मोठ्या अभिमानाने एक नवा तुकडा दाखवला. तो स्वतंत्र होता, फक्त माहिती जुन्याच साठ्यातून घेत होता. मॅडमनी चष्मा काढला. "चूल वेगळी मांडलीस, आणि मीठ मागायला रोज सासूच्या दारात? याला वेगळं निघणं म्हणतात का रे?" सगळी टीम हसली. पण ही गोष्ट मी जाड पुस्तकांत वाचून विसरलो होतो, आणि मिठाची मात्र जन्मभर विसरणार नाही.

मॅडमच्या निवृत्तीला काही महिने उरले तेव्हा बँकेने निर्वाणीचं सांगितलं. एक तरी तुकडा शाखांमध्ये बिनतक्रार चालवून दाखवा, नाहीतर हा प्रकल्प बंद. जुन्यालाच ठिगळं लावत बसू. टीम मोडणार होती, माझी नोकरी अजून कच्ची होती. पण मला जास्त भीती वाटत होती ती मॅडमची. इतकी वर्षं धरलेला ध्यास अर्धवट टाकून त्यांना घरी जावं लागलं असतं.

पहिला तुकडा म्हणून आम्ही ग्राहकांचे हप्ते आपोआप भरण्याचं काम निवडलं. ते माझ्याकडे आलं. मॅडम जाता जाता म्हणाल्या, "सुट्टीचा नियम परसोंच बदललाय, तेवढं बघून घे." मी आठवडाभरातले सगळे बदल तपासले. काहीच सापडलं नाही, म्हणून निर्धास्त झालो. मग जुनी आणि नवी व्यवस्था शेजारी शेजारी चालवून उत्तरं ताडून पाहिली, आणि सुट्टीच्या दिवशी पडणारे सगळे हप्ते चुकले. शाखांचा कारभार बघणारे राव सर तिथेच होते. ते हसून म्हणाले, "क्या मॅडम, चूल्हा जलने के पहलेच बुझ गया?"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "परसोंचा नियम घेतला नाहीस?"

"मॅडम, परवा काहीच बदललं नव्हतं. मी सगळं पाहिलं."

"परवा कोण म्हणालं? मी परसों म्हणाले."

"परसों म्हणजे परवाच ना?"

"अरे, माझं लग्नसुद्धा परसोंच झालंय! पोरगी आता नोकरीला लागली."

राव सर टेबलावर हात आपटून हसायला लागले. "बेटा, हैदराबाद में कल के पीछे जितना है, सब परसों!"

सगळे हसत होते, मीही हसत होतो, आणि हसता हसता माझ्या अंगावर काटा आला. मी म्हणालो, "मॅडम, जुन्या सिस्टममध्येही असंच असेल तर? प्रत्येक प्रोग्रॅमचा परसों वेगळा असेल तर?"

"नक्को!" त्या सवयीने म्हणाल्या. मग खुर्ची पुढे ओढली. "कैकू?"

मी फळ्यापाशी गेलो. इंग्रजी कुठल्या कुठे पळालं होतं. मी मराठीत बोलत सुटलो आणि मॅडम राव सरांसाठी हिंदीत सांगत राहिल्या. हप्त्याच्या दिवशी सुट्टी आली तर कर्जाचा प्रोग्रॅम पुढचा दिवस धरतो, बचत खात्याचा मागचा. देवीच्या बोनालू सणाला इथल्या शाखा बंद, पण महाराष्ट्रातल्या आमच्या देगलूरची शाखा उघडी. हे एटीएमला माहीत, व्याजाला माहीत नाही. जो तो आपापल्या मनातली तारीख धरून बसलाय. यातला कुठलाही एक तुकडा बाहेर काढला तरी तो भांडणारच!

मॅडम उठून उभ्या राहिल्या. मी त्यांना असं ताडकन उठताना पहिल्यांदाच पाहिलं. "म्हणजे आधी पंचांग वेगळं काढायचं! तारीख सांगणारा एकच, बाकीच्यांनी त्याला विचारायचं."

"कॅलेंडर?" राव सर म्हणाले. "उसके लिए इतना तमाशा?"

"हौ सर," मॅडम म्हणाल्या. "कैकू बोले तो, घर में सब का झगड़ा उसीच पे है."

राव सरांनी अट घातली. येत्या बोनालूच्या सुट्टीत एकाही शाखेतून तक्रार आली नाही, तर प्रकल्प चालू राहील.

ते दिवस आठवले की अजूनही पायांत वेग येतो. आम्ही 'पंचांग' नावाचा तो लहानसा तुकडा बांधला आणि एकेका जुन्या प्रोग्रॅमला त्याच्याकडून तारीख विचारायला शिकवलं. स्कूटीवर मला आता सिग्नल पुरायचे नाहीत; मॅडम मुद्दाम गर्दीच्या रस्त्याने, अफझलगंजवरून गाडी घालत. "तुझं बोलणं संपेना, म्हणून लाल दिवे जास्त असलेली वाट घेतली," म्हणायच्या.

सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे राव सरांच्या टेबलाभोवती. शाखा उघडल्या. फोनकडे सगळ्यांची नजर. तो वाजेना. राव सरांनी रिसीव्हर उचलून फोन बिघडला तर नाही ना हेही पाहिलं. मग त्यांनी स्वतःच देगलूरच्या मॅनेजरला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "सब ठीक है साब, क्यों, कुछ होना था क्या?" राव सरांनी फोन ठेवला आणि हात जोडून म्हणाले, "मॅडम, दूसरा चूल्हा कब?" मी ओरडलोच. मॅडम मात्र फळ्यावरचा 'पंचांग' हा शब्द पुन्हा गिरवत होत्या.

त्याच महिन्यात त्या निवृत्त झाल्या. शेवटच्या संध्याकाळी मला काचीगुड्याला सोडताना नेहमीचा सिग्नल लागला. त्यांनी काच वर केली. "सुटायच्या आत सांग. मी गेल्यावर काय काय वेगळं काढशील?" मी बोटांवर तुकडे मोजू लागलो. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजायला लागले. त्या म्हणाल्या, "हौ, राहू दे." कुठलंही उत्तर न घेता त्यांनी दिलेला तो एकच होकार. पुढे त्या मुलीकडे बेंगळुरूला गेल्या. जाताना म्हणाल्या होत्या, "तिथं मराठी वाचायला मिळायचं नाही. कधी पत्र टाक." ते मी मागच्या आठवड्यात टाकलं. इतकंच होतं:

"आदरणीय मॅडम, साष्टांग नमस्कार.

जुनी सिस्टम परवा बंद झाली. माझा परवा हं, तुमचा परसों नव्हे. सगळी वेगळी निघाली, आणि मीठ मागायला कुणी कुणाच्या दारात जात नाही. शेवटचं बटण राव सरांनी दाबलं आणि म्हणाले, 'मॅडम को बोलो, चूल्हे सब जल रहे हैं.' पंचांग अजून तुम्ही ठेवलेल्या नावानेच चालतं. टीममधल्या पोरांना त्याचा अर्थ माहीत नसतो, मग मी सांगत बसतो.

परवा वरंगलकडची एक मुलगी कामाला लागली. मुलाखतीत इंग्रजीत अडखळत होती. मी म्हटलं, तेलुगूत सांग, यांना मी सांगतो. ती बोलायला लागली ते थांबेचना.

नंतर पंचांगाची गोष्ट ऐकून तिने विचारलं, 'सर, तुम्ही मॅडमकडे कधी शिकलात?' मी वर्षं मोजायला लागलो, आणि तोंडातून निघून गेलं, 'परसोंच की.'

तुमचा,
मागच्या सीटवरचा"